कोतवालाची चावडी

पुंजाजी कोतवालांना हळू बोलता येत नसे. प्रयत्न ते मनापासून करत. तोंडाशी हात नेत, मान खाली घालत, इकडे तिकडे बघून घेत, आणि एवढी सगळी तयारी झाल्यावर जो आवाज निघे तो वेशीपर्यंत जाई.

मी कवठखेड्याच्या शाळेवर रुजू झाले त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. जवळा बाजारच्या रस्त्यावरून आत चार किलोमीटर, दोन्ही हातांत पिशव्या, अशी मी गावात पोचले तेव्हा चावडीच्या ओट्यावर खाकी शर्टातला एक उंच, वाळका माणूस बसलेला होता. माणूस सरकारी दिसला म्हणून मी जवळ जाऊन, जरा संकोचानंच, विचारलं, "मामा, इथं दूध चांगलं कुणाकडे मिळेल? म्हणजे बिनपाण्याचं?"

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "समजलं मॅडम. आपल्यातच राहील," म्हणाले, आणि आत जाऊन हलगी घेऊन आले. मी खोलीचं कुलूप उघडेपर्यंत गावात दवंडी सुरू झाली होती. "ऐका हो ऐका! शाळेवर नव्या मॅडम आल्या हायत! मॅडमला रोज आर्धा लिटर दूध पायजे! पानी न घातलेलं पायजे! ज्याच्याकडं आसं दूध आसंल त्यानंच यावं, बाकीच्यांनी तकलीफ घेऊ नये हो!"

माझ्याकडे कुणीही दूध घेऊन आलं नाही. कसं येणार? जो पहिला येईल त्यानं उरलेल्या सगळ्या गावाला पाणी घालणारं ठरवलं असतं. आठ दिवस मी कोरा चहा प्याले. नवव्या दिवशी एक बाई मागच्या दारानं आली आणि दूध ओतता ओतता म्हणाली, "कोतवालाला सांगू नका बरं का, मॅडम." तेव्हापासून मी पुंजाजीमामांना काहीही सांगताना आधी विचार करू लागले. तरी पुढच्या अकरा वर्षांत मी त्यांना जेवढं सांगितलं तेवढं घरच्यांनाही सांगितलं नसेल.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते, कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे. तलाठ्याचे हातपाय म्हणजे कोतवाल. नोटिसा पोचवायच्या, माणसं बोलावून आणायची, दवंडी द्यायची. पुंजाजीमामांच्या बापानं हेच केलं, आज्यानंही तेच. घर बौद्धवाड्यात, विहाराच्या पलीकडे, दारात शेवग्याचं झाड. निवृत्त झाल्यावरही खाकी शर्ट त्यांनी सोडला नाही आणि खिशातलं निळं पेनही सोडलं नाही. त्या पेनात शाई नव्हती. मी एकदा सही करायला मागितलं तेव्हा कळलं.

"मग बाळगता कशाला?"

"खिशाला पेन आसलं की मानसं खरं बोलतेत, मॅडम."

सरकारी नोकरीतून आणखी एक गोष्ट त्यांच्याबरोबर घरी आली होती, ती म्हणजे 'नोंद घ्या'. हे ते कुणालाही म्हणत. जेवताना बायकोला म्हणत, "भाजीत मीठ न्हाई, नोंद घ्या." द्रोपदाबाई म्हणत, "घेतली. आता उठा आन् मीठ बी घ्या." द्रोपदाबाई म्हणजे गावातली एकच व्यक्ती, जिच्यापुढे त्यांचा आवाज थोडा खाली येई.

चावडीचा उद्योग सुरू झाला तोही द्रोपदाबाईंमुळे. मामा निवृत्त झाले त्याच वर्षी तलाठ्याचं कार्यालय रस्त्याकडेच्या नव्या इमारतीत गेलं. गावातल्या सगळ्या फोनांचा एक ग्रुप झाला आणि दवंडी बंद पडली. मामा हलगी घेऊन घरी आले. दोन दिवस त्यांनी ती घरात वाजवून पाहिली, कातडं नरम पडू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी द्रोपदाबाई म्हणाल्या, "ह्या घरात एक तर हे राहील न्हाई तर मी राहीन." मामांनी बराच विचार केला असं त्या अजून सांगतात. शेवटी ते हलगी घेऊन जुन्या चावडीत गेले. चावडीची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती, कारण ती परत मागायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी भिंतीला एक खिळा ठोकला, हलगी टांगली, आणि रोज सकाळी तिच्याखाली जाऊन बसू लागले.

येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारायला सुरुवात केली. "कोतवाल, काय करून राहिले?"

"हलगी राखून राहिलो."

"मंग आमचा एक रांजन बी राखा की. घरात जागा न्हाई."

असा रांजण आला. मग मोट आली, तिफण आली, दळायची तीन जाती आली, गॅसबत्ती आली, निजामाच्या काळातला एक उर्दू कागद आला, जो कुणालाच वाचता येत नव्हता आणि म्हणून सगळेच जपून हाताळत. हे सगळं इतिहासाच्या प्रेमापोटी आलं असं मी म्हटलं असतं तर मामा रागावले असते. मी एकदा पाटीवर लिहिण्यासाठी 'वस्तुसंग्रहालय' हा शब्द सुचवला. त्यांनी तो दोनदा तोंडात घोळवला. "एवढा शब्द कुनी म्हनंस्तोवर मानूस पुढं निघून जाईल," ते म्हणाले. "चावडीच ऱ्हाऊ द्या."

पण या चावडीचा एक कायदा होता, आणि तो त्यांनी केला होता. नुसती वस्तू घेतली जात नसे. देणाऱ्यानं ओट्यावर उभं राहून त्या वस्तूची हकिकत सांगायची, मोठ्यानं, म्हणजे जाणाऱ्याला चूक काढता येईल. मामा खिशातल्या पेनाला हात लावून समोर बसत. मग ती हकिकत चिठ्ठीवर उतरायची आणि वस्तूला बांधायची. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आहे आणि शाळा चावडीच्या समोर आहे.

पहिलीच चिठ्ठी गंगाबाईंच्या अडकित्त्याची. मी ती घरी नेऊन शुद्ध भाषेत, सुबक अक्षरात लिहून आणली: 'सदर अडकित्ता श्रीमती गंगाबाई यांना त्यांच्या सासूबाईंकडून वारसाहक्काने प्राप्त झाला.' मामांनी ती गंगाबाईंना वाचून दाखवायला लावली. गंगाबाई ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे मी कव्हा म्हनले?"

"अर्थ तोच आहे, मावशी."

"आर्थ काहून लिहिता? मी काय म्हनले ते लिवा ना."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विजय होता. मला दुसरा कागद घ्यावा लागला. आजही त्या अडकित्त्याला ती चिठ्ठी आहे: 'सासूनं मरताना हातात दिला आन् म्हनली हरवशील बघ. अजून हरवला न्हाई. तिला कळवायला पायजे व्हतं.' ती वाचून बायका हसतात आणि नंतर जरा वेळ तिथेच उभ्या राहतात. माझी 'वारसाहक्काने'वाली चिठ्ठी वाचून कोण थांबलं असतं?

आबाराव पाटलांच्या तलवारीचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. पाटलांना वाटलं, रांजण आणि जाती झाली, पण गावाची शान कुठे आहे? म्हणून ते मखमलीत गुंडाळून तलवार घेऊन आले. सोबत चार माणसं. ओट्यावर उभे राहिले, घसा साफ केला आणि सांगू लागले की रझाकाराच्या काळात त्यांच्या आजोबांनी हीच तलवार घेऊन वेस अडवून धरली होती. सांगण्याची पद्धत छान होती. मी भराभर लिहून घेत होते. मामा डोळे मिटून ऐकत होते.

पाटील थांबल्यावर मामांनी डोळे उघडले. "पाटील, जरा मूठ दाखवा." मूठ बघितली. "हितं लाल रंग हाय बराबर?"

"रक्त असंल," पाटील म्हणाले.

"ऑइलपेंट हाय. शाळेच्या गॅदरिंगला मी सोता दिला व्हता. तुमी सहावीत व्हते. पडदा वर गेला, तुमी तलवार फिरवली, आन् देशपांडे मास्तरचा चष्मा गेला."

हे ते नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे समोरच्या शाळेतली मुलंसुद्धा वर्गाबाहेर आली. पाटलांचा चेहरा लाल झाला. चार माणसांनी चार दिशांना पाहिलं. मला वाटलं आता चावडी बंद पडणार. पण मामा उठले, तलवार दोन्ही हातांत घेतली आणि अगदी मनापासून म्हणाले, "पन पाटील, त्या दिवशी आख्खं गाव हासलं व्हतं. आसं परत कव्हा हासलं न्हाई. ही ठेवायलाच पायजे." पाटील आधी गुरकावले, मग त्यांनाच तो चष्मा आठवला आणि ओट्यावर बसून ते पोट धरून हसू लागले. चिठ्ठी त्यांनी स्वतःच सांगितली. नंतर पाहुणे आले की ते आवर्जून त्यांना चावडीत आणून ती तलवार दाखवत.

माणसं चिठ्ठ्यांवरून भांडायला येत, हेही सांगायला हवं. एका जुन्या दुकानदाराच्या नातवानं धान्याचं माप आणून दिलं आणि खरं सांगून टाकलं की ह्याचा तळ आतून वर ठोकलेला आहे, माप खोटं आहे. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तणतणत आली. ही चिठ्ठी काढा, आमच्या घरात लग्नाच्या पोरी आहेत.

मामांनी तिला बसायला दिलं, पाणी दिलं. "काढायची सोय न्हाई, सूनबाई. वाढवायची हाय. तुमाला जे ठाऊक हाय ते तुमी सांगा, मॅडम खाली लिहितेन." तिनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "लिवा. गावात कुनी बी बाळंतीन झाली तर आजेसासरे ह्याच मापानं बाजरी पाठवायचे, आन् वरून एक मूठ जास्त." तेही लिहिलं. माप तेच राहिलं आणि खोटेपणाही तसाच राहिला, फक्त त्याच्या शेजारी बाजरी आली. त्यानंतर चावडीत हीच रीत पडली.

कवठखेड्याच्या चावडीची बातमी तालुक्याला गेली. एक मोठे साहेब गावाला येणार आणि रीतसर उद्घाटन करणार असं ठरलं. साहेबांचं मन झालं तर चावडीला नवं छत मिळणार होतं, आणि छताची गरज खरीच होती, कारण पावसाळ्यात आम्ही रांजण गळणाऱ्या जागेखाली सरकवत असू. सरपंचबाईंचे यजमान, ज्यांना सगळं गाव सरपंच म्हणे, ते कामाला लागले. चुना लागला, फळ्या ठोकल्या गेल्या, वस्तू ओळीनं मांडल्या गेल्या.

उद्घाटनाला आठ दिवस होते. दुपारच्या सुट्टीत मामा फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आले. ओट्यावर उभे राहिले नाहीत. आत येऊन खाली बसले आणि फडकं सोडलं. आत चहाचा एक कप होता. पांढरा, कान तुटलेला, काठाला निळी रेघ, आत तळाशी तपकिरी डाग.

"घ्या मॅडम. लिहा." त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिलं: 'चहाचा कप. दत्तूअण्णाच्या हाटेलाच्या भाहेरच्या कोनाड्यातून चोरला. चोर पुंजाजी, वय नऊ-दहा. कप कोनाड्यात काहून व्हता ते जुन्या मानसांला ठाऊक हाय.'

मी वर पाहिलं. ते कपाकडे बघत होते.

"आत बाकडी व्हती," ते म्हणाले. "आमी भाहेर. कोनाड्यातला कप घ्यायचा, पुढं धरायचा, वरून चहा ओतायचे. पिला की ज्याचा त्यानं धुवायचा आन् परत कोनाड्यात. माझ्या बापाला मी तसं पिताना पायलं. मला वाटलं, कपच नेला तर काम होईल. म्हनून नेला. दुसऱ्या दिवशी कोनाड्यात दुसरा कप. त्यो बी नेला. तिसऱ्या दिवशी नारळाची करवंटी." ते हसले. "करवंटी न्यायला मन झालं न्हाई. दुसरा कप आईनं भीतीनं फोडून टाकला. हा ऱ्हायला."

ज्या माणसाच्या पोटात माझं अर्धा लिटर दूध राहिलं नाही, त्यानं हे साठ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. द्रोपदाबाईंनासुद्धा तो कप कुठला हे त्या आठवड्यात कळलं. मी चिठ्ठी बांधली. दोरा दोनदा सुटला.

गावानं चिठ्ठी वाचली. आधी हसू आलं, कोतवालच चोर निघाला म्हणून. मग तरुण मुलं म्हाताऱ्यांना विचारू लागली की कप कोनाड्यात काहून ठेवायचे, आणि म्हातारे एकदम घाईत असल्यासारखे शेताकडे जाऊ लागले. संध्याकाळपर्यंत हसणं थांबलं होतं.

दत्तूअण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती. हॉटेल आता त्यांचा मुलगा विठ्ठल चालवत होता. मामा आणि विठ्ठल यांची मैत्री म्हणजे अखंड भांडण. रोज सकाळी मामांचा पहिला चहा तिथे व्हायचा आणि चहात साखर जास्त की कमी यावरून दिवसाची सुरुवात व्हायची. विठ्ठल चावडीत आला, चिठ्ठी वाचली, खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं आणि निघून गेला. दुसऱ्या सकाळी मामा नेहमीप्रमाणे हॉटेलात जाऊन बसले. विठ्ठल म्हणाला, "दूध संपलं." समोर पातेलं उतू जायला आलेलं होतं. मामा थोडा वेळ बसले आणि उठून आले. तिसऱ्या दिवशीही दूध संपलेलंच होतं. मामा तरी रोज जात राहिले आणि रोज चहा न पिता परत येत राहिले.

पाचव्या दिवशी सरपंच चार सदस्यांना घेऊन चावडीत आले. "कोतवाल, साहेब येऊन राहिले. गावाचं नाव खराब व्हईल. तेवढा कप काढा."

"काढा की," मामा म्हणाले. "माझी हरकत न्हाई."

सरपंच खूश झाले.

"फक्त ज्याला काढायचा त्यानं सोताच्या हातानं काढावा. आन् दवंडी मी देतो, कुनी काढला आन् काहून काढला ते. बराबर हाय का न्हाई?"

सरपंचांचा हात फळीकडे गेला होता, तो वळून डोक्याकडे गेला आणि डोकं खाजवू लागला. एका सदस्याला फोन आला, म्हणजे त्यानं फोन कानाला लावला. दुसरा म्हणाला, "मॅडमनी काढावा. मॅडम भाहेरगावच्या हायत." सगळ्यांना ही कल्पना आवडली. मी म्हणाले की माझी शाळा भरली आहे.

खरं सांगते, मीही त्या दिवशी डगमगले. शाळा सुटल्यावर मी मामांना म्हणाले की चार दिवस कप घरी न्या, उद्घाटन झालं की परत ठेवू, छताचा प्रश्न आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण जरा लांबून पाहावं तसं.

"छत गळून राहिलं ते मला बी दिसते, मॅडम. माझ्या आज्यानं ह्या चावडीची नोकरी भाहेरच्या पायरीवर बसून केली. त्याच्यावर छतच नव्हतं."

मला लाज वाटली. घरी जाऊन मी स्वयंपाकही केला नाही.

उद्घाटनाच्या सकाळी चावडीसमोर मांडव होता, लाउडस्पीकर होता, फेटे होते. सजावटीसाठी दार पहाटेपासून उघडं होतं. मी हार घेऊन आत गेले आणि फळीकडे पाहिलं. कप जागेवर नव्हता. चिठ्ठी होती, तिच्यावर कुणीतरी एक खडा ठेवला होता.

मामांनी पाहिलं आणि खिळ्यावरची हलगी काढली. पट्टा गळ्यात अडकवला. सरपंच धावत आले. "कोतवाल, आज न्हाई! पाया पडतो! साहेबाची गाडी फाट्याला आली!" मामा ओट्यावर जाऊन उभे राहिले. कित्येक वर्षांत हलगी वाजली नव्हती. पहिली थाप पडली आणि घराघरांतून माणसं बाहेर आली. सगळ्यांच्या मनात एकच नाव होतं, ते मामा आता मोठ्यानं घेणार होते. विठ्ठलची बायको गर्दीत होती, तिनं पदर तोंडाला लावला.

गर्दीतून विठ्ठलच पुढे आला. हात ओले, खांद्यावर फडकं आणि उजव्या हातात कप.

"मी नेला व्हता," तो म्हणाला.

"काहून?"

"धुवायला."

हलगीवरचा हात तसाच राहिला.

"पिनाऱ्यानंच धुवायचा, आसं व्हतं ना आमच्या हाटेलात?" विठ्ठल म्हणाला. "आमच्या घरातल्या कुनीच ह्याला कव्हा हात लावला न्हाई. आठ रोज मी इचार केला. आज लावला."

मामांनी कप घेतला. उजेडाकडे धरून आत पाहिलं. चांगला वेळ पाहिलं.

"येड्या," ते म्हणाले, "जुनी वस्तू घासायची नसते रे. तळाला डाग व्हता, त्यो बी काढला तू." आणि मग त्यांचा आवाज, जो वेशीपर्यंत जाई, तो निघालाच नाही. ओठ हलले फक्त. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

मी चिठ्ठी घेतली. खाली लिहिलं: 'कप धुतला. धुणारा विठ्ठल.' विठ्ठलनं वाकून वाचलं. "दत्तूअण्णाचा पोरगा इठ्ठल, आसं लिवा," तो म्हणाला. मी तसं लिहिलं आणि कप फळीवर ठेवला.

मग साहेब आले. ज्या साहेबांच्या भीतीनं आठ दिवस गाव झोपलं नव्हतं, ते चावडीत जेमतेम दहा मिनिटं होते आणि त्यांतली आठ त्यांनी पाटलांच्या तलवारीबरोबर फोटो काढण्यात घालवली. कपासमोरून ते फोनवर बोलत गेले. सरपंचांनी सुटकेचा श्वास सोडला तो लाउडस्पीकरमधून सगळ्यांना ऐकू आला. छताचं पत्र आलं आहे. छत यायचं आहे.

पुढच्या वर्षी माझी बदली शिरड शहापूरला झाली. निघायच्या दिवशी मी जीपची वाट बघत विठ्ठलच्या हॉटेलात बसले होते. मामा पोचवायला आले होते आणि चहात साखर किती, यावरून विठ्ठलशी त्यांचं चाललं होतं. मी ऐकत होते आणि मला रडू येईल असं वाटत होतं, म्हणून मी रस्त्याकडे बघत होते.

अकरा वर्षं मी त्यांना त्या बाकड्यावर चहा पिताना पाहत आले होते. चहा संपला की ते उठत, बाजूच्या पाण्याच्या टाकीशी जात, आपला ग्लास स्वतः विसळत आणि उपडा घालून ठेवत. मी ते त्यांच्या टापटिपीत जमा केलं होतं. एकदा तर वर्गात मुलांना उदाहरण म्हणूनही सांगितलं होतं.

जीप आली. मामांनी शेवटचा घोट घेतला, ग्लास बाकड्यावर ठेवला, तळाशी साय चिकटलेली तशीच, आणि माझी पिशवी उचलून चालू लागले. हे त्यांनी कधीपासून सुरू केलं होतं मला माहीत नाही. मला दिसलं ते त्या दिवशी. जीपशी पोचल्यावर ते मागे वळले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "इठ्ठल, उचल की रे त्यो ग्लास! माशा बसून राहिल्या!"

"उचलतो की," विठ्ठल म्हणाला. "तुमी मॅडमला नीट बसवा आधी."

जीप वळेपर्यंत मला दोघंही दिसत होते. मामा रस्त्यात उभे राहून ड्रायव्हरला सावकाश जायला सांगत होते, आणि त्यांच्या मागे विठ्ठल टाकीशी वाकून त्यांचा ग्लास धूत होता.